रेटिंगवाले काका

रेटिंगवाले काका हे शहरी मध्यमवर्गात सर्वत्र आढळतात. ही वृत्ती कोणत्याही वयात जडते, पण ती बहरते निवृत्तीनंतर. हॉटेल, दवाखाना, बँक, पिठाची गिरणी, मंगल कार्यालय यांपैकी काहीही काकांच्या स्टारांतून सुटत नाही. स्मशानभूमीला त्यांनी चार स्टार दिलेले असतात: ‘व्यवस्था चोख, बाकडी कमी.’

पूर्वी हा ऐवज वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रांत जात असे. तिथे संपादक आडवा येई, आणि पत्र छापून येईतो रागही निवत असे. आता मिसळीची तर्री निवण्याआधी मत जगजाहीर होते. रिव्ह्यूचा साचा ठरलेला असतो: आधी स्वतःचा अधिकार (‘गेली चाळीस वर्षे मिसळ खातोय’), मग तक्रार, शेवटी जनतेला इशारा. स्टारांचा पदार्थाशी संबंध असतोच असे नाही. मिसळ झणझणीत, पाव ताजा, ताक गार. तरी स्टार एकच, कारण स्कूटर लावायला जागा नव्हती आणि गल्ल्यावरच्या मालकाने ओळख दाखवली नाही.

या सेवेचे पैसे मिळत नाहीत, गुण मिळतात. गूगलच्या ‘लोकल गाइड’ योजनेत रिव्ह्यूला 10, फोटोला 5 आणि नुसत्या स्टारला 1 गुण असतो. 250 गुणांना चौथी पातळी आणि बिल्ला; दहाव्या पातळीला 1 लाख गुण लागतात. काका सहावीत असतात, म्हणून उष्ट्या भज्यांचाही फोटो निघतो.

काकांचा हा विरंगुळा दुकानदाराच्या पोटावर येतो. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये सिॲटल शहराच्या आकड्यांवरून दाखवले, की येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला तर रेस्टॉरंटचे उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते. इतकी किंमत आली की मालाबरोबर भेसळ आलीच. मालकाचे मेहुणे, साडू, पुतणे पाच-पाच स्टार टाकू लागतात. 2017 मध्ये लंडनच्या ऊबा बटलर याने घरामागची शेड हॉटेल म्हणून नोंदवली आणि खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर ती ट्रिपॲडव्हायझरवर शहरात पहिली आणली. तोवर तिथे एकही पान वाढले गेले नव्हते. भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 2022 मध्ये मानक आले. ते ऐच्छिक आहे.

माणसांना स्टार देताना प्रकरण अधिक नाजूक होते. काका ज्या काळात शिकले, त्या काळात साठ टक्क्यांना पेढे वाटत. ‘पैकीच्या पैकी कुणालाही देऊ नयेत, मुले शेफारतात’ हे त्यांचे तत्त्व. म्हणून नळ उत्तम दुरुस्त करणाऱ्या मुलालाही ते कौतुकाने चारच देतात. काकांच्या लेखी ते डिस्टिंक्शन असते. ॲपच्या लेखी तो नापास होण्याच्या वाटेवर असतो. सरासरी घसरली की कामे कमी मिळतात, कधी खातेच बंद होते. ‘साहेब, पाच द्या ना’ असे तो दारात अजिजीने म्हणतो, तेव्हा काका लाचलुचपतीवर व्याख्यान देतात.

ओळखीपाळखीच्या सर्वच माणसांना स्टार देण्याची कल्पना 2015 मध्ये ‘पीपल’ नावाच्या ॲपने मांडली होती. तिच्यावर एवढी झोड उठली, की पुढच्या वर्षी ते ॲप बरेच सौम्य होऊन आले. काकांना मात्र ॲपची वाट पाहावी लागत नाही. सोसायटीतल्याच दंतवैद्याला ते दोन स्टार देतात आणि मग ऐन दिवाळीत दाढ ठणकली की चार स्टेशने पलीकडचा डॉक्टर शोधत फिरतात. खोटी बदनामी केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आहेच. पण लिफ्टमधला अबोला त्याआधी लागू होतो.

ॲप-टॅक्सीत चालकही प्रवाशाला स्टार देतो, हे काकांना सहसा नातवाकडून कळते. स्वतःचे 4.3 पाहून ते पहिल्यांदाच उखडतात: ‘कापले ते कापले, निदान कारण तरी लिहायचे!’