उजेडात धरणारे काका

नाशिकरोड, जेलरोड, देवळालीगाव या पट्ट्यात गल्लीगणिक एक प्रेसमधून निवृत्त झालेले काका असतात. नोटांची प्रेस इथं 1928 पासून आहे, शेजारची सिक्युरिटी प्रेस त्याहून थोडी जुनी. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसांनी कागद उजेडात धरून बघण्याचा पगार घेतला. निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय नाही. चहावाल्यानं परत दिलेली दहाची नोट, नातीचं प्रगतिपुस्तक, लग्नाची पत्रिका, सगळं काका आधी खिडकीकडे धरतात आणि मग वाचतात.

लाखांचा व्यवहार निघाला की घरातली बाई म्हणते, "काकांना सोबत न्या." पुरुष म्हणतो, "नको, चारचौघांत लाज काढतात." दोघांचंही खरं असतं.

पाथर्डी फाट्यावरचा सॅम्पल फ्लॅट घ्या. आत एसी, सरबत आणि खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर. भाचेसून ओट्यावर खूश. काका मात्र बाहेर, होर्डिंगवरच्या क्यूआर कोडपुढे मोबाईल धरून उभे. बिल्डरच्या जाहिरातीवर महारेराचा हा कोड 2023 पासून सक्तीचा झाला, आणि तो खरोखर स्कॅन करणारा माणूस सेल्सवाल्या मुलीला पहिल्यांदाच भेटत होता.

"ताबा कधी, बाळ?"

"दिवाळीत, सर."

"कुठल्या? महारेराकडे तुमच्या शेठनी वेगळीच तारीख लिहून दिलीय. मधल्या दोन दिवाळ्या राहिल्या सांगायच्या."

"सर, ही ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे."

"मग आम्ही बारा वाजून पाच मिनिटांनी येतो. तेव्हाचा भाव कळेल."

भाचा जमिनीत गेला. काका थांबले नाहीत. टोकन रोख नाही, चेकनंच. तेही करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांवर छदाम नाही. रेरा कायद्याचं कलम 13 काकांना मारुतीस्तोत्रासारखं पाठ. "आणि भाव कार्पेटवर सांग. सुपर बिल्टअप नको. जिन्यात कुणाला झोपायचंय?"

प्लॉट असला तर एजंटनं दिलेली सातबाऱ्याची झेरॉक्स काका हातातही घेत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा स्वतः काढतात आणि मालकाचं नाव वाचण्याआधी 'इतर हक्क' वाचतात. बोजा तिथं बसलेला असतो. "एन.ए. प्रस्तावित आहे," एजंट सांगतो. "आमच्या मेव्हण्याचं लग्नही बरीच वर्षं प्रस्तावित आहे," काका म्हणतात.

सराफ बाजारात तर घरचे सराफ, तीन पिढ्यांचा विश्वास. "विश्वास आहेच, पक्कं बिल द्या," म्हणून काका खिशातून भिंग काढतात. बीआयएसचा शिक्का, 22 कॅरेटचं 916 आणि सहा अक्षरी एचयूआयडी. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दोन्ही कळतं. हातात बांगडी आणि ॲपमध्ये अंगठी असं निघालं, तर काका चहा अर्धा ठेवून उठतात. चहा अर्धा ठेवणं हा त्यांच्याकडचा सर्वांत कडक निषेध.

जुन्या गाडीचंही तेच. "डॉक्टरांची आहे, एकहाती वापरलेली," दलाल सांगतो. काका आरसी वाहन पोर्टलवर बघतात, बँकेची एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेली आहे का ते तपासतात, चॅसी नंबर टॉर्च मारून जुळवतात. "एचपी उतरल्याशिवाय पैसे नाहीत. नाहीतर गाडी डॉक्टरांची, पेशंट आम्ही."

एक विषय मात्र त्यांच्यापुढे काढायचा नाही: तेलगी. सिक्युरिटी प्रेसनं भंगारात काढलेली यंत्रं लिलावातून मिळवून त्यानं बनावट मुद्रांक छापले, हा काकांना घरच्या अब्रूचा प्रश्न वाटतो. मात्र त्यातून त्यांनी धडा घेतलाय. "मशीन खरं होतं, तरी कागद खोटा निघाला. तेव्हा समोरच्यानं दिलेला कागद कितीही चकचकीत असू दे, तो जिथं जन्मला त्या ऑफिसात जाऊन विचारायचं."

हे ज्ञान आता मोबाईलवर कुणालाही फुकट मिळतं. काकांकडे जास्तीची एकच गोष्ट आहे: त्यांना भीड नाही. सरबत प्यालो, आता नाही कसं म्हणायचं. ओळखीचा माणूस, पावती कशी मागायची. या भिडेवरच निम्मा फसवणुकीचा धंदा चालतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. 2014 साली पैसे वाढवून द्यायची योजना चालवणारी केबीसी मल्टिट्रेड बुडाली तेव्हा हजारोंचे पैसे गेले ते असेच, कारण योजना घेऊन दारात परका माणूस आलाच नव्हता, सोयरेच आले होते. काकांकडे सख्खा साडू आला होता. काका त्याला म्हणाले, "पैसे वाढवणारं मशीन मी जन्मभर पाहिलंय. ते नाशिकरोडला आहे आणि त्याला सरकारी पहारा आहे." साडू वर्षभर बोलला नाही. पुढे स्वतःहून बोलायला लागला, पण तेव्हा त्याला उसने हवे होते.

परवा काकांना एका मुलीचा फोन आला. पाथर्डी फाट्यावरचीच, सेल्सवाली.

"काका, मी स्वतःसाठी वन बीएचके बघतेय, दुसऱ्या बिल्डरकडे. रविवारी याल का सोबत?"

"टोकन दिलंस?"

"नाही अजून."

"मग येतो. दिलं असतंस तर वकील न्यायला सांगितलं असतं."