राजभाऊ, मेंडोलिनचा खुलासा करा

प्रति,
मा. राजभाऊ मल्होत्रा,
मूळ रा. लंडन, ह. मु. मोहरीचं शेत, पंजाब.

विषय : मेंडोलिनबाबत जनतेची दिशाभूल केल्याबद्दल लेखी खुलासा मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

ऑक्टोबर १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'तून आपण आमच्यापुढे मेंडोलिन घेऊन उभे राहिलात. त्याच सुमारास नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली होती. तुम्ही शेवटच्या रिळात धावत्या गाडीतून हात दिलात. आमच्या बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधली तीस वर्षं आम्ही एसटीला हात करत होतो. गाडी आली तेव्हा मनात आलं, आपलंही एक काम तेव्हापासून रखडलंय. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मेंडोलिन आणलं.

राजभाऊ, तुमचं वाद्य कायम लागलेलं कसं असतं? इथे आठ खुंट्या आहेत. तारा जोडीजोडीने चार ठिकाणी, आणि जोडीतली एक जराशी उतरली की दोघींचं असं जुंपतं, की घरातलं कुणी मध्ये पडत नाही. मे महिन्यात तर सकाळी लावलेलं दुपारी पुन्हा लावायचं. खुंटी पिळताना आई आतून विचारते, "बिघडलंय का रं ते?" वाजवायला लागलो तरी हेच विचारते.

दुसरी तक्रार शेताची. मोहरी आमच्याकडे फोडणीपुरती. रानात कापूस, तूर, नाहीतर ऊस. कापसात उभा राहिलो तर लोक वेचणीचा भाव विचारतात, उसात शिरलो तर वाजवणाराच दिसत नाही. शिवाय दसरा-दिवाळी झाली की कित्येक गावांतली जोडपी कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. सूर ऐकून धावत यायला तुमच्या सिमरनला सवड होती, एवढंच नमूद करतो.

तिसरी, मनगटाची. मेंडोलिनचा सूर छेडताच विरतो. तो धरून ठेवायचा तर पिक खाली-वर, खाली-वर, अखंड. मनगट सैल सोडा म्हणतात. आयुष्यभर फायलींवर सह्या केलेलं मनगट सैल सोडायचं म्हणजे काय, हे तुम्ही सिनेमात कुठेच दाखवलं नाहीत. डाव्या हाताच्या बोटांना तारांचे चरे पडतात, ते वेगळंच. चाळशी लावली तर पट्ट्या दिसतात, पण समोरची वही दिसत नाही.

आमचा जिल्हा पखवाजाचा. अंबाजोगाईकडच्या आपेगावच्या शंकरबापूंना त्यासाठी पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणी हे पोटफुगं वाद्य बघून लोक विचारतात, "भाऊसाहेब, बँजो पार्टी काढायलाव का?"

सगळा दोष तुमचा नाही. पडद्यावर बोटं तुमची, सूर दुसऱ्याच्या हातचे, ही सिनेमाची रीतच आहे. पण तुम्ही आलात त्याच वर्षी जुलैमध्ये सज्जाद हुसेन गेले. 'संगदिल'चे संगीतकार. स्वभाव तिखट, म्हणून सिनेमे मोजके. हा माणूस मेंडोलिनवर अख्खे राग वाजवायचा. सतारीसारखी तार ओढून मींड घ्यायला या वाद्यात जागाच नाही, तर हे पट्ट्यांवरून बोट सरकवून मींड उभी करायचे. त्यांच्या जाण्याची बातमी वाचल्याचं मला आठवत नाही. तुमचं जाकीट मात्र आजही आठवतं. माझ्या मते मेंडोलिनवर सिनेमा काढायचाच होता, तर तो त्यांच्यावर निघायला हवा होता. गाणी थोडी कमी झाली असती, भांडणं भरपूर.

बाकीच्यांचं काय सांगू? आपले लक्ष्मीकांत कुडाळकर पोरवयात हे वाद्य वाजवत होते, पुढे प्यारेलालांबरोबर संगीतकार झाले. आंध्रच्या यू. श्रीनिवासांनी लहानपणीच ते हाती घेतलं, कर्नाटक संगीतात त्याला मानाची जागा मिळवून दिली आणि २०१४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेलेही. त्या वयात मी वाद्याच्या दुकानाची पायरीसुद्धा चढलो नव्हतो.

तरी आपण पंधरा दिवसांत खुलासा करावा : आपण रियाज नेमका कधी करत होतात? सिमरनचे बाऊजी झोपल्यावर की उठायच्या आधी? शेजारी काय म्हणायचे? खुलासा समाधानकारक नसेल तर समक्ष यावं लागेल. येताना सर्वांत बारीक तारेचे दोन-चार जोड आणा. इकडे दुकानात गिटारच्या तारा दाखवतात, आणि माझी सारखी तुटते ती नेमकी ही बारीकच.

कळावे,
आपला,
एक त्रस्त नवशिका, बीड