झाकणकाका

आमच्या वर्कशॉपमध्ये काकांचं खरं नाव दोनच ठिकाणी सापडतं. एक सभासदांच्या वहीत आणि दुसरं त्यांच्या जेवणाच्या डब्यावर. बाकी सगळ्यांना ते झाकणकाका. लेझर कटरचं झाकण कुणी वेळेआधी उचलू लागलं की खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून “झाकण!” अशी आरोळी येते. एकदा पलीकडच्या बाकावर चहा पीत बसलेल्या पाहुण्याने ती ऐकून घाबरून कपावर बशी ठेवली होती.

काका भोसरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झाले. इथे त्यांना पगार नाही, पद नाही, समितीवर जागा नाही. सोसायटीत पंपाच्या खोलीची किल्ली जशी कुठल्याही ठरावाशिवाय एकाच गृहस्थांकडे जाते आणि मग तहहयात तिथेच राहते, तसं हे मशीन काकांकडे आलं. मशीनसमोर त्यांची लोखंडी खुर्ची. मशीनकडे पाठ कधीही नाही. गाभाऱ्यातून लोक मागे मागे सरकत बाहेर येतात, तसे काका पाणी प्यायला जातात.

नवीन सभासदाला पहिला प्रश्न ठरलेला. “दूध तापवता येतं का?” हो म्हणावं तर दुसरा: “उतू न जाऊ देता?” एका मुलीने प्रामाणिकपणे “आमच्याकडे दूध आई तापवते” असं सांगितलं. तिला पुढचे दोन शनिवार नुसतं बघत बसावं लागलं. काकांचं शास्त्र सरळ आहे. मशीन चालू असेपर्यंत तिथून हलायचं नाही, कारण आत जे चाललंय ते कापणं नव्हेच, बेतानं जाळणं आहे. अ‍ॅक्रिलिक फार छान कापलं जातं, कडा काचेसारख्या येतात. पण पेटतंही तितक्याच हौसेनं. ही गोष्ट मी फोन घ्यायला दारापर्यंत गेलो तेव्हा शिकलो. मागे पिवळा उजेड दिसला. मी वळेपर्यंत काकांनी लाल बटण दाबलं होतं, ओलं फडकं टाकलं होतं आणि माझ्या हातातला फोन घेऊन पलीकडच्या बाईंना सांगितलंही होतं, “कर्ज नको, इथे जळतंय.”

आग विझवायचे नळकांडे त्यांच्या खुर्चीला टेकूनच असते. तेही कार्बन डायऑक्साइडचे. पावडरचे आणून ठेवायची सूचना समितीने केली होती. काकांनी ती फेटाळली. पावडरने आग विझेल, पण आरसे, भिंग, पट्ट्या सगळ्यांवर तिचा थर बसून मशीनही विझेल. शिवाय लेझरच्या नळीतही किरण देणारा वायू तोच, सोबतीला नायट्रोजन आणि हेलियम. “लावणाराही तोच, विझवणाराही तोच,” काका म्हणतात. त्यांच्या तोंडी हे वाक्य एखाद्या पक्षाबद्दल असावं असं वाटतं.

आणि मग बारामती येतेच. बारामती म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला एकच आडनाव आठवतं. काकांना आठवतं पटेल. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1964 साली कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, इंजिनियर झाले ते पुण्याच्या सरकारी कॉलेजात. काकांची सासुरवाडी बारामती. त्यामुळे हे मशीन ते सासरकडून आलेली वस्तू समजतात, आणि सासरची वस्तू जरा जास्तच जपावी लागते.

झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद होतो, तशी कळ कंपनीनेच बसवलेली असते. एका हुशार मुलाने त्या कळीला लोहचुंबक लावून तिला फसवलं, म्हणजे उघड्या मशीनमध्ये त्याला ‘नीट बघता’ येईल. काकांनी त्याला आवाज न चढवता समजावलं, हेच जास्त भयानक होतं. “राजा, तुला दिसतो तो लाकूड जळल्याचा उजेड. किरण दिसतच नाही. 10.6 मायक्रॉनचा आहे तो. तुझ्या डोळ्याला कळायच्या आत डोळा गेलेला असेल.” मुलगा म्हणाला, “काका, मी गॉगल आणलाय.” गॉगल लक्ष्मी रोडचा, दीडशे रुपयांचा. काकांनी तो पाहिला आणि मशीनच्या झाकणावर टिचकी मारली. या झाकणातून तो किरण बाहेर येत नाही, ते लावलं की चष्म्याचं कामच नाही. आणि काळा रंग म्हणजे काही चिलखत नव्हे. ते चुंबक जप्त झालं. आता कपाटाच्या दारावर फरशी पुसण्याचं वेळापत्रक त्याच्याच आधाराने लटकतं. त्यात पहिलं नाव कुणाचं, हे सांगायला नको.

काकांचं खरं रूप पाहायचं तर कुणीतरी रेक्झिन घेऊन यावं लागतं. आणणारा नेहमी “अस्सल लेदर आहे” म्हणतो. काका वाद घालत नाहीत. ते तांब्याची तार गॅसवर लाल करतात, त्या कातड्याला टेकवतात आणि पुन्हा ज्योतीत धरतात. ज्योत हिरवी झाली की आत क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे लेझरखाली गेलं तर हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो छातीत जातो, आणि ओल मिळाली की आम्ल होऊन मशीनच्या पट्ट्या गंजवतो. ज्योत हिरवी होते त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर हिणकस सोनं ओळखलेल्या सराफाचं समाधान पसरतं. एका बाईंनी आपली महागडी पर्स कौतुकाने तपासायला दिली होती. त्या पुन्हा आल्या नाहीत. पर्सही पुन्हा दिसली नाही.

श्रावणात मात्र काकांना जेवायला फुरसत नसते. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठ्याची, एमडीएफची झाली. तरी दरवर्षी कुणीतरी माळ्यावरचं जुनं थर्माकोल काखोटीला मारून येतोच. काका त्याला दारातूनच परत पाठवतात, कारण ते कापलं जाण्याआधी वितळतं आणि मग पेटतं. एमडीएफ चालतं, पण त्यातल्या गोंदाचं फॉर्मल्डिहाइड डोळ्यांना झोंबतं. म्हणून काम संपल्यावरही पंखा चालू आणि झाकण बंद. किती वेळ? “अर्धी रामरक्षा.” काका ती मनात म्हणतात, आणि घाईचं गिऱ्हाईक असेल तर उरलेली अर्धीही म्हणतात.

गेल्या महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसायला सांगितलं होतं. काका चौथ्या दिवशी दवाखान्याचा काळा चष्मा लावून खुर्चीत हजर. त्या शनिवारी नवीन सभासदांची तुकडी आली होती. त्यांनी मशीन पाहिलं, खुर्चीतले काका पाहिले, काकांचा चष्मा पाहिला आणि आपापसात काहीतरी कुजबुजले.

पुढच्या शनिवारी अकराच्या अकरा जण काळे गॉगल लावून आले. त्यांच्यासोबत दीडशे रुपयेवालाही होता, यावेळी मान ताठ करून.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी एमडीएफचा एक तुकडा आत ठेवला, फोकस जुळवला, झाकण लावलं आणि चष्म्याआडून समोर बघत बसले. मग पंखा, अर्धी रामरक्षा. पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकली:

‘हा चष्मा मोतीबिंदूचा आहे. झाकण लावा.’