सांबरा ते उजळाईवाडी, व्हाया हैदराबाद

बेळगावचं सांबरा आणि कोल्हापूरचं उजळाईवाडी, या दोन विमानतळांमधलं अंतर संगणकाला विचारा. सरळ रेषेत साधारण ९५ किलोमीटर, उड्डाण पस्तीस-चाळीस मिनिटं. त्यातली सात मिनिटं खरी उडण्याची, बाकी वर चढण्या-उतरण्याचा ठोक अर्धा तास. हिशेब चोख आहे. आता फक्त विमान हवं.

ते नाही. हौसच असेल तर कोल्हापुरातून हैदराबाद गाठा, तिथे चहा घ्या, दुसऱ्या विमानाने सांबऱ्याला उतरा. जवळपास ९०० किलोमीटर होतात. शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालायचा तो असा.

दोन्ही धावपट्ट्या जुन्या. उजळाईवाडीची १९३९ सालची, संस्थानी; सांबऱ्याची १९४२ ची, युद्धासाठी इंग्रजांनी बांधलेली. दोन्ही जवळपास पूर्व-पश्चिम, आणि गावं मात्र एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला. म्हणजे थेट विमान सुरू झालंच तरी उठल्यावर आधी वळायचं आणि उतरण्यापूर्वी पुन्हा वळायचं. मधे निपाणी दिसली तर दिसली.

आणि खरी गंमत निपाणीचीच. जिल्हा बेळगाव, म्हणून हक्काचा विमानतळ सांबरा, रस्त्याने ऐंशी किलोमीटरच्या घरात. उजळाईवाडी पस्तीसेकच, पण परराज्यात! आता परराज्य कोणतं आणि आपलं कोणतं, हा महाराष्ट्र-कर्नाटकाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा आपण गप्प बसू.

रस्त्याचं अंतर मात्र दर मोसमात बदलतं. सीमावादाचं वातावरण तापलं की एसटी कागलला थांबते, कर्नाटकची बस निपाणीला, आणि दूधगंगेच्या पुलावर पोलिसांचे कठडे. मुंबईचे पुढारी बेळगावला निघतात आणि सीमेवरचा कोगनोळी नाका बघून परततात. १९८६ मध्ये सीमा आंदोलनासाठी छगन भुजबळांना वेषांतर करून बेळगावात शिरावं लागलं होतं. दाढी चिकटवायला किती वेळ लागतो, हे कुठलाच अंतरगणक सांगत नाही. त्याआधी १९८१ ला शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे उभ्या राहिलेल्या तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी निपाणीजवळ हाच महामार्ग अडवून धरला होता. तेव्हाही विमानाचाच पर्याय सोयीचा झाला असता, म्हणा.

सीमेची अडचण होत नाही ती भांडवलाला. स्टार एअर ही विमान कंपनी कोल्हापूरकडच्या उद्योजक घोडावतांची. २०१९ मध्ये तिने उड्डाण सुरू केलं ते कर्नाटकातून, आणि पुढे बेळगावही जोडलं, कोल्हापूरही. कोणी काळं फासलं नाही की कोणी कोगनोळीला अडवलं नाही. विमानाच्या शेपटीवर पाटी कोणत्या भाषेत हवी, यावर अजून मोर्चा निघालेला नाही. ही सूचना समजू नये.

तर निपाणीकराला मुंबई गाठायची असली की तो काय करतो? सांबऱ्याचं वेळापत्रक बघतो, उजळाईवाडीचं बघतो, दोन्हीकडचं भाडं बघतो. मग जेवून हायवेवर येतो, बेंगळुरूहून येणाऱ्या स्लीपरला हात करतो आणि वरच्या बर्थवर ताणून देतो.