वरून दोन चमचे ऑलिव्ह

काकांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढल्याचा रिपोर्ट आला आणि घरात सर्वांत आधी खरेदी झाली. आजार कुठलाही असो, आमच्याकडे उपचाराला पिशवी घेऊनच निघतात. या खेपेस ऑलिव्ह तेलाची काळपट हिरवी बाटली आली. डॉक्टर म्हणाले होते, तूप-लोणी कमी करा, त्या जागी मोनोअनसॅच्युरेटेड फॅट असलेलं तेल घ्या, एलडीएल उतरेल. काकूने त्यातलं ‘घ्या’ तेवढं उचललं. थालिपिठावरचा लोण्याचा गोळा जागचा हलला नाही. त्याच्या शेजारी दोन चमचे ऑलिव्ह तेल येऊन बसलं. लोणी ते लोणी, वर ग्रॅममागे 9 कॅलरींचा आहेर.

ही मोनोअनसॅच्युरेटेड चरबी गुणी आहे, यात वाद नाही. तिच्यातलं मुख्य ओलेइक आम्ल म्हणजे 18 कार्बनांची साखळी आणि तीत एकच दुहेरी बंध. त्या बंधापाशी साखळी वाकते, म्हणून रेणू एकमेकांना खेटून बसू शकत नाहीत आणि तेल पातळ राहतं. तुपातल्या संपृक्त चरबीचे रेणू सरळसोट. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा घुसावा तसे दाटीने बसतात आणि तूप थिजतं.

अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1958 मध्ये सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यात क्रीट बेटावरचे लोक ऑलिव्ह तेल भरपूर खात, तरी त्यांच्यात हृदयविकार विरळा. हे काकांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ते लोक शेतात राबत आणि मांस क्वचितच खात, तिथं आल्यावर चष्मा सापडेना. कीज स्वतः 100 वर्षं जगले, हे मात्र सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे.

मी काकूला सांगून पाहिलं, की आपल्या फोडणीच्या शेंगदाणा तेलातही जवळजवळ निम्मी चरबी मोनोअनसॅच्युरेटेडच असते. ऑलिव्हमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास, कबूल. पण भाव बघ! काकू म्हणाली, “अरे, इतकं स्वस्त औषध कधी लागू पडतं का?”

आता काकांनी नवा शोध लावलाय: तुपातही साधारण पाव हिस्सा हीच चरबी असते. तेव्हापासून ते पुरणपोळीवर ‘हृदयासाठी’ तूप मागतात आणि काकू वाढते. त्यातल्या 60 टक्के संपृक्त चरबीचा विषय जेवताना कुणी काढत नाही.