अक्षरी रुपये

तुमच्याकडेही एक असणारच. आमच्याकडे नानामामा आहेत. साताऱ्याच्या कोषागारात त्यांनी ३४ वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली. आता त्यांची स्वतःची बिलं मोबाइलवरून भरायचं काम माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या १५ तारखेला, संध्याकाळी सहा वाजता. सहा म्हणजे सहाच.

मामांना मोबाइलची भीती वगैरे नाही. त्यांचा मोबाइलवर विश्वास नाही, एवढंच. विश्वास अक्षरी रकमेवर. आकड्यात कुणीही एक शून्य वाढवेल, पण ‘अक्षरी रुपये अमुक फक्त’ यातल्या ‘फक्त’च्या पुढे ब्रह्मदेवालाही काही लिहिता येत नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे समोर आलेली कोणतीही संख्या मामा रक्कम म्हणूनच वाचतात. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी. पहिल्या दिवशी तो मागितला, तर मामा बोटावर एकं-दहं मोजत पार निखर्वापर्यंत पोचले. निखर्व हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

खरी परीक्षा ओटीपीची. चष्मा कपाटावर, ओटीपीची मुदत पाच मिनिटं. त्यातली दोन चष्म्यात जातात. मग मामा मेसेज पहिल्यापासून वाचतात, ‘कोणालाही सांगू नये’ इथे थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

‘‘सांगू?’’

‘‘सांगा मामा.’’

‘‘दोन लाख एकोणसत्तर हजार एकोणसाठ फक्त.’’

मी इंग्रजी माध्यमातला. एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या आधीचा की नंतरचा, हे ठरवेपर्यंत एक मिनिट जातं. बरं, मामा शून्य उच्चारत नाहीत. हजार आणि एकोणसाठच्या मधलं शतकाचं घर रिकामं आहे, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मी पाच आकडे टाकतो, मोबाइल सहावा मागतो. ‘‘एक एक आकडा सांगा ना,’’ म्हटलं की मामा दुखावतात. ‘‘रक्कम कधी सुटी सुटी सांगतात का?’’

‘‘ही रक्कम नाहीये, मामा.’’

‘‘मग फुकट का पाठवतात?’’

याला उत्तर नाही. तिसऱ्या ओटीपीला कधीतरी बिल भरलं जातं आणि माझ्यासमोर एक कंदी पेढा येतो. व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय पेढा नाही आणि एकाच्या वर नाही. ‘‘एक फक्त,’’ मामा सांगतात.

कागदी बिल बंद केलं तर बिलामागे १० रुपये सूट होती, म्हणून मी तेही करून दिलं. मामा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ई-बिलाची प्रिंट काढून आणायला लागले. दहा रुपयांत.

गेल्या पावसाळ्यात त्यांना एक फोन आला. बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, खातं आज बंद होईल, आत्ता आलेला नंबर सांगा. मला हे कळलं ते चार दिवसांनी, आणि तेही तक्रार म्हणून.

‘‘बँकेत हल्ली कसली माणसं भरतात रे! मी स्वच्छ सांगितलं, सहा लाख एकोणऐंशी हजार एकोणनव्वद फक्त. तर म्हणतो, अंकल, नंबर बोलिये नंबर. तीनदा सांगितलं. साधं एकोणऐंशी कळत नाही! शेवटी मीच त्याला एकोणतीसपासून शिकवायला घेतलं, तर फोन ठेवला गाढवाने.’’

मी आधी खात्यातली शिल्लक पाहिली. जागेवर होती. मग खुर्चीत बसलो. ज्या खोडीपायी मी वर्षभर दातओठ खात होतो, तिने मामांची पेन्शन वाचवली होती. हे त्यांना सांगणं मात्र अशक्य. आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

फसवणूक कशी होते ते समजावलं. तक्रारीसाठी १९३० हा हेल्पलाइनचा नंबर कॅलेंडरवर ठळक लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याखाली लाल शाईत अक्षरं उमटली होती : एक हजार नऊशे तीस फक्त.

पण माझं समजावणं जरा जास्तच लागू पडलं. पुढच्या १५ तारखेला ओटीपी आला, तो मामांनी मेसेजसकट छातीशी धरला.

‘‘कोणालाही सांगू नये.’’

‘‘मामा, मी आहे.’’

‘‘मग तू कोणी नाहीस का?’’

माझ्याकडे पाठ करून, एका बोटाने, ओठ हलवत त्यांनी स्वतःच सहा आकडे टाकले. शून्यासकट. पहिल्या फटक्यात बिल भरलं गेलं. मी तोंडभर कौतुक केलं आणि पेढा खाल्ला. त्या पेढ्याला कसली चव होती, सांगता येत नाही.

परवा १५ तारीख होती. पावणेसहाला चप्पल घालत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

‘‘वीजबिल भरलं मी. आठशे बेचाळीस.’’

‘‘वा! म्हणजे आता मी...’’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग घसा खाकरल्याचा आवाज.

‘‘पेढे आणलेत. दोन.’’

‘‘फक्त?’’ मी विचारलं, आणि दुसरी चप्पल घातली.