मॅपला कुलूप न लावणाऱ्यास अनावृत पत्र

श्रीयुत पूर्वसूरी यांसी,

स. न. वि. वि.

नोकरी सोडताना आपण पेढे वाटलेत आणि म्हणालात, "डॉक्युमेंट कशाला? कोड वाचला की कळतो." परवा रात्री दोन वाजता वाचला. कळला.

आपल्या डायमीटर राउटरला चाळीस जोडण्या. एका अंगाला एमएमई, दुसऱ्या अंगाला एचएसएस. विमान उतरलं की दोनशे माणसं एकदम फोन चालू करतात, तेव्हा 'हे गिऱ्हाईक कोणाचं, याला आत घ्यायचं का' ही चौकशी याच वाटेनं जाते. त्या चाळीसही जोडण्या आपण एका ग्लोबल मॅपमध्ये कोंबल्यात. मॅपचं नाव 'एम'. चाळीस गोरुटीन त्यात वाटेल तेव्हा लिहितात, वाटेल तेव्हा पुसतात. म्युटेक्स नाही. घरच्याच माणसांना कुलूप कशाला, हा आपला मोठेपणा.

गोच्या रनटाइमकडे तेवढा मोठेपणा नाही. दोघं एकदम लिहिताना सापडले, की 'कॉनकरंट मॅप राइट्स' असं ओरडून ते अख्खी प्रोसेस आडवी करतं. आपण जागोजागी रिकव्हर पेरून ठेवलेत, आभारी आहे. पण ही एरर रिकव्हरला भीक घालत नाही. एक जोडणी लटपटली होती, चाळीसही गेल्या.

मग उठलं ते आपलं रिकनेक्टचं फॉर लूप. त्यात ना झोप, ना बॅकऑफ. पलीकडचं एचएसएस जेमतेम उठून बसत होतं आणि आपण सेकंदाला शेकडो वेळा त्याचं दार बडवत होतात. आरएफसी ६७३३ म्हणतं, पुन्हा प्रयत्न करण्याआधी ३० सेकंद थांबा. आरएफसी ३५३९ तर २००३ पासून सांगतंय, की वॉचडॉगची वेळ दोन सेकंद मागंपुढं करा, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला बोंबलणार नाहीत. आणि तुटून जुळलेल्यानं तीन वॉचडॉगना उत्तर दिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा टाकू नका. आपण मात्र सॉकेट उघडलं की सीईआर-सीईएची ओळखपाळख व्हायच्या आधीच ट्रॅफिक सोडता. साखरपुडा नाही, पण पंगत बसली.

माझंही ऐका. घाईत मी म्युटेक्स लावला, तो सॉकेटवर लिहून होईपर्यंत धरून ठेवला. एक एचएसएस मंदावलं आणि उरलेले एकोणचाळीस कुलपाबाहेर रांगेत. पहाटे शहाणपण आलं: प्रत्येक जोडणीला एकच धनी गोरुटीन, तिची स्वतःची रांग, हॉप-बाय-हॉप क्रमांकांची स्वतःची वही. जोडणी मेली, तर तिच्याच वहीतल्या उधाऱ्या दुसऱ्या वाटेनं पाठवायच्या. मॅप फक्त पत्ता शोधायला आणि कुलूप तेवढ्यापुरतंच.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं म्हणावं, तर मॅपच्या डोक्यावर आपल्याच हातची कॉमेंट आहे: 'टूडू: इथे लॉक'. टेस्ट एकदा '-रेस' लावून चालवली असती, तरी बोंब तिथेच फुटली असती. ही सोय गोमध्ये २०१३ पासून आहे.

नव्या ठिकाणीही आपल्याकडे जोडण्याच सोपवल्यात, असं कळलं. अभिनंदन. ते नेटवर्क रोमिंगमध्ये आमच्याशी जोडलेलं आहे, म्हणून पत्र अनावृत.

कळावे, लोभ तिकडेच असावा.

आपला,
या आठवड्याचा ऑन-कॉल